परदेशातला ट्रेडमार्क ‘वापर नाही’ म्हणून रद्द करायला निघालेत, वाचवता येईल का?

हळदीचा_बाजार, सांगली

नमस्कार मंडळी,

सांगलीत आमचा घरचा मसाल्याचा कारखाना आहे, सासऱ्यांनी म्हणजे आबांनी उभा केलेला. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मेतकूट आणि थोडी लोणची. निर्यातीची कागदपत्रं आणि वकील-एजंटांशी पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. प्रकरण चालू आहे, म्हणून ब्रँडचं नाव इथे लिहीत नाही.

२०१७ मध्ये भारतातल्या नोंदणीच्या आधारावर आम्ही माद्रिदमार्गे (एकाच अर्जातून अनेक देशांत ट्रेडमार्क नोंदवायची आंतरराष्ट्रीय पद्धत) ब्रिटन, युरोपियन युनियन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियासाठी अर्ज केला. यूएई तेव्हा माद्रिदमध्ये नव्हतं, म्हणून दुबईचा अर्ज वेगळा केला. यथावकाश सगळीकडे मंजुरी आली. आबांनी प्रमाणपत्रं फ्रेम करून ऑफिसात लावली आहेत.

मार्चमध्ये ब्रिटनच्या ट्रेडमार्क कार्यालयाचं पत्र आलं. तिथल्या एका सॉस बनवणाऱ्या कंपनीने आमची नोंदणी रद्द करावी असा अर्ज दिलाय. कारण एकच, सलग पाच वर्षं वापर नाही. त्यांनी दोन काळ धरलेत: ऑगस्ट २०१८ ते ऑगस्ट २०२३ आणि फेब्रुवारी २०२१ ते फेब्रुवारी २०२६. आबा म्हणतात, "२०२७ पर्यंतचे पैसे भरलेत आपण, मध्येच कसं काढून घेतील?" त्यांना काय उत्तर द्यावं तेच मला कळत नाही.

खरी परिस्थिती सांगते. लेस्टरच्या एका आयातदाराला आम्ही २०१८ पासून माल पाठवत होतो, दर वेळी दोन-तीन पॅलेट, मुख्यतः कांदा-लसूण आणि गोडा मसाला. शेवटचा माल जानेवारी २०२२ मध्ये न्हावाशेवाहून निघाला. त्या काळात कंटेनरचं भाडं परवडेनासं झालं होतं, मग तिकडचे जुने मालक निवृत्त झाले आणि मुलांनी पुन्हा ऑर्डर दिली नाही. २०२४ मध्ये इथिलीन ऑक्साइडच्या (मसाले निर्जंतुक करायला वापरतात त्या वायूच्या) तपासण्या वाढल्या, तेव्हा आबांनी ब्रिटनचा विषयच सोडून दिला. आता तिकडे आमचा मसाला जातो तो नातेवाइकांच्या बॅगांमधून.

अडचणी अशा. आमच्या एक्सपोर्ट इनव्हॉइसवर ‘मिक्स्ड स्पायसेस, २०० ग्रॅम’ एवढंच छापलेलं असे, ब्रँडचं नाव नाही. नोंदणीत नावाबरोबर पाटा-वरवंट्याचं चित्र आहे, पण २०२१ च्या सुरुवातीपासून पाऊचवर चित्र नाही, फक्त नाव. आणि त्या वेळच्या सल्लागाराने अर्जात क्लास ३० मधलं (ट्रेडमार्कसाठी मालाचे जे ठरलेले वर्ग असतात त्यांतल्या एका वर्गातलं) जवळजवळ सगळंच लिहिलं होतं, चहा, कॉफी, नूडल्स, सॉस, तांदूळ. शिवाय क्लास २९ मध्ये लोणची आणि क्लास ३५ मध्ये दुकानाची सेवा.

युरोपात आम्ही कधीच विकलं नाही. अमेरिकेत एडिसनच्या एका दुकानाला २०२१ पर्यंत माल जायचा, आता बंद आहे. दुबईला दर महिन्याला जातो, मेलबर्नलाही नियमित जातो.

हे वाचेल का? आणि बाकीच्या देशांत असंच पत्र यायच्या आत काय करून ठेवावं? आबांनी चाळीस वर्षं या नावावर काढली आहेत. ते नाव कागदावर नीट लढलं नाही म्हणून जाऊ नये, एवढंच मला वाटतं.

पुणे-३०

ताई, मी ट्रेडमार्कच्या कामात आहे आणि निर्यातदारांचीच प्रकरणं जास्त बघतो. तुमचं प्रकरण तुम्ही समजताय त्यापेक्षा बरंच भक्कम आहे. पण आधी तारीख बघा. त्या पत्रासोबत टीएम २६ एन नावाचा फॉर्म असेल. त्याला टीएम ८ एन वर उत्तर द्यायला दोन महिने असतात आणि ती मुदत वाढवून मिळेल या भरवशावर अजिबात राहू नका. उत्तर गेलं नाही तर तुमची बाजू न ऐकताच नोंदणी रद्द होऊ शकते. उत्तरासाठी ब्रिटनमधला पत्ता लागेल, म्हणजे तिथला एजंट आजच नेमा. पुरावा गोळा होईपर्यंत उत्तर अडवून धरू नका, दोन्ही कामं एकदम चालू द्या.

आता आबांचा प्रश्न. दहा वर्षांची फी ही नोंदवहीत नाव ठेवण्याची फी आहे. नाव टिकवायचं तर त्या देशाच्या बाजारात ते वापरावं लागतं. आबांना ‘कसेल त्याची जमीन’ एवढं सांगितलंत तरी पुरे. कसली नाही तर ज्याला कसायची आहे तो मागायला येतो, आणि ती सॉस कंपनी तशीच आली आहे. त्यांच्या स्वतःच्या नावाच्या नोंदणीआड तुमचं नाव येत असणार, दुसरं काही कारण दिसत नाही.

हे फक्त ब्रिटनचं नाही. ट्रिप्स कराराच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेच्या कराराच्या) १९ व्या कलमाने सदस्य देशांना सांगितलंय की वापर नाही म्हणून नोंदणी रद्द करायची तर किमान सलग तीन वर्षं जायला हवीत. त्यावर किती ठेवायची ते प्रत्येकाने आपलं ठरवलं. ब्रिटन, युरोपियन युनियन, यूएई, सिंगापूर आणि आपला भारत इथे पाच. अमेरिका, कॅनडा, जपान, चीन इथे तीन. ऑस्ट्रेलियातही खंड सलग तीन वर्षांचाच मोजतात, फक्त सुरुवातीची सूट वेगळी: २४ फेब्रुवारी २०१९ पासूनच्या अर्जांना नोंदणीनंतर तीन वर्षं, त्याआधीच्यांना अर्जाच्या तारखेपासून पाच. तुमचा अर्ज २०१७ चा, म्हणजे ती सूट संपली आहे. माद्रिदमुळे अर्ज करणं सोपं झालं, वापराची अट मात्र प्रत्येक देशात वेगळी मोजली जाते. लंडनला विकलेला डबा बर्लिनसाठी उपयोगाचा नाही.

तुमची जमेची बाजू म्हणजे जानेवारी २०२२. तो माल त्यांनी धरलेल्या दोन्ही काळांत येतो. पाच वर्षं *सलग* वापर नसावा लागतो, शेवटची चार वर्षं शांत गेली म्हणून नोंदणी पडत नाही. आणि तो माल लेस्टरला पोचून दुकानांतून विकला गेला ते पुढचे काही महिनेसुद्धा तुमच्या संमतीने झालेला वापरच आहे.

दोन-तीन पॅलेट म्हणजे थोडकं, असं समोरचा म्हणेल. म्हणू दे. युरोपियन न्यायालयाने २००३ मध्ये अन्सुल प्रकरणात कसोटी घालून दिली ती ‘खरा वापर’ अशी. म्हणजे बाजारात गिऱ्हाईक मिळवण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी केलेला, नोंदणी जिवंत दाखवण्यापुरता केलेला नव्हे. त्यानंतर ला मेर प्रकरण आलं. समुद्री शेवाळापासून प्रसाधनं करणारी फ्रेंच कंपनी, ब्रिटनमध्ये तिचा एकच आयातदार, विक्री अगदी मामुली. एका आयातदाराला केलेली विक्रीसुद्धा खरा वापर ठरू शकते असं युरोपियन न्यायालयाने २००४ मध्ये म्हटलं आणि २००५ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने त्या कंपनीची नोंदणी राखली. तुमच्या एजंटाला हे प्रकरण नक्की आठवेल. आठवलं नाही तर तुम्ही आठवण करून द्या.

चहा, कॉफी, नूडल्स, तांदूळ, सॉस आणि क्लास ३५ मात्र जाणार. तुम्ही ते कधी विकलंच नाही, आणि वापर सिद्ध करण्याची जबाबदारी तिथल्या कायद्याच्या १०० व्या कलमाने मालकावर टाकली आहे. माझं स्पष्ट मत आहे की ते स्वतःहून सोडा. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने स्कायकिक प्रकरणात दाखवून दिलं की विकायचा इरादा नसताना लांबलचक यादी नोंदवणं हे दुर्हेतूचं लक्षण धरलं जाऊ शकतं. समोरची कंपनी सॉसवाली आहे. ‘आम्ही सॉस-नूडल्स सोडतो, तुम्ही मसाल्यांना हात लावू नका आणि मसाल्यांत या नावाने उतरू नका’ असा लेखी समझोता पुष्कळदा होतो, आणि लढण्यापेक्षा स्वस्त पडतो. लोणची पाठवली असल्याचा एखादा जरी कागद निघाला तरी क्लास २९ साठी जपून ठेवा.

पुराव्याचं बघू. इनव्हॉइसवर ब्रँड नाही ही आपल्याकडे जिथेतिथे दिसणारी गोष्ट आहे, कारण सीएचएला, म्हणजे कस्टमच्या एजंटाला, फक्त एचएस कोडशी (मालाच्या कस्टम वर्गीकरणाच्या आकड्याशी) मतलब असतो. पण कागद एकेकटा बघितला जात नाही, सगळे मिळून बघितले जातात. त्या वर्षांचा तुमचा दरपत्रक-कॅटलॉग शोधा, ज्यात ‘मिक्स्ड स्पायसेस २०० ग्रॅम’ या मालाचा कोड आणि पाऊचचा फोटो शेजारी शेजारी असेल. पाऊच छापणाऱ्याचं बिल आणि त्याला मंजूर करून दिलेली डिझाइन, ईमेलच्या तारखेसकट. आयातदाराच्या ऑर्डरच्या ईमेल, ज्यात तो ब्रँडचं नाव घेऊन माल मागतो. पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग. या सगळ्यांची सांगड घालून कारखान्यातल्या जबाबदार माणसाने साक्षीपत्र द्यायचं: कोणत्या वर्षी कोणता माल किती गेला आणि कोणत्या कागदावरून ते दिसतं. हे आबांनी नाही, तुम्ही द्या, कारण कागद तुमच्या हातातले आहेत.

नुसत्या साक्षीपत्रावर विसंबलं की काय होतं ते मॅकडोनाल्ड्सने अनुभवलंय. आयर्लंडच्या सुपरमॅक्स या फास्ट फूड कंपनीने त्यांच्या ‘बिग मॅक’विरुद्ध युरोपियन कार्यालयात हाच अर्ज केला. मॅकडोनाल्ड्सने स्वतःच्या माणसांची शपथपत्रं, माहितीपत्रकं, वेबसाइटची पानं आणि विकिपीडियाची छापील प्रत दिली. जानेवारी २०१९ मध्ये कार्यालयाने ते अपुरं ठरवून नोंदणीच रद्द केली. पुढे अपिलात बरंच परत मिळालं, पण जून २०२४ मध्ये युरोपियन युनियनच्या जनरल कोर्टाने चिकन सँडविच आणि रेस्टॉरंट सेवा काढून घेतल्या. जगातल्या कोणालाही विचारा, बिग मॅक विकला जातो हे त्याला माहीत आहे. तरी कागद बोलले नाहीत.

पाटा-वरवंट्याची फार काळजी नको. नोंदलेल्या रूपात थोडा फरक असला आणि चिन्हाची ओळख बदलली नसली तर तो वापर धरला जातो, ट्रेडमार्क-पेटंटांच्या जुन्या पॅरिस करारातच ही सूट आहे. तुमचं नाव ठळक असेल आणि चित्र शोभेपुरतं असेल तर युक्तिवाद चांगला आहे. मात्र नोंदणी रोमन लिपीत आणि पाऊचवर फक्त देवनागरी असं असेल तर मला कळवा, ते निराळं प्रकरण होतं.

आणि भाडं वाढलं, तपासण्या वाढल्या ही कारणं मुख्य बचाव म्हणून मांडू नका. ‘न वापरण्याचं रास्त कारण’ म्हणजे मालकाच्या हाताबाहेरचा, चिन्हाशी थेट संबंध असलेला, वापर अशक्य किंवा अवाजवी करणारा अडथळा. २००७ च्या हॉइपल विरुद्ध लिडल निकालाने ही मोजपट्टी दिली. आयातबंदी तीत बसते. आपल्याच सर्वोच्च न्यायालयात २००३ मध्ये हार्डी ट्रेडिंगचं ‘स्पार्टन’ हे रंगांचं चिन्ह अशाच कारणाने वाचलं होतं, सरकारच्या आयात निर्बंधांमुळे त्यांना भारतात माल आणता येत नव्हता. धंद्यात परवडेना हे मात्र तीत बसत नाही.

बेलग्रेव्ह_रोड, लेस्टर

ताई, मूळचा कराडचा, इथे किराण्याच्या घाऊक धंद्यात आहे. तुमच्या आयातदाराची मुलं आता तुमचा माल घेत नसली तरी त्यांच्याकडे मोठा खजिना आहे. इथे व्हॅटचे कागद सहा वर्षं ठेवावे लागतात. म्हणजे २०२१-२२ ची त्यांची विक्रीची बिलं अजून कपाटात असायला हवीत, २०१९ च्या आधीची कदाचित फेकलीही असतील. म्हणून आज फोन करा, उद्या नको. त्या बिलांवर दुकानांची नावं असतात आणि आमच्या संगणकात माल ब्रँडच्या नावाने आणि बारकोडने चढवलेला असतो. तुमच्या इनव्हॉइसवर जे नाही ते आमच्या बिलावर असतं! वेम्बली, साउथॉल, बर्मिंगहॅम अशा दोन-तीन ठिकाणची बिलं निघाली तर माल एका दुकानात पडून नव्हता हेही दिसेल.

दुसरं, स्टिकर. तुमच्या पाऊचवर आयातदार आपलं नाव-पत्ता असलेलं लेबल लावत असणार. इथे १ जानेवारी २०२४ पासून ब्रिटनचा पत्ता पाकिटावर असणं सक्तीचंच झालं, पण आम्ही बहुतेक जण आधीपासून लावत होतो. तसा एक जुना पाऊच किंवा त्याचा फोटो मिळाला तर तो माल ब्रिटनच्या बाजारासाठीच होता हे सांगायला वेगळा साक्षीदार नको. पाऊचवर पॅकिंगची तारीख असतेच. दुकानदारांच्या दिवाळीच्या जाहिराती, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली ऑफरची चित्रं हेही विचारून बघा.

पोरांशी बोलताना एक लक्षात ठेवा. त्यांना वाटेल आपल्यावर काही कोर्टाची भानगड येते की काय. तुम्ही आधीच सांगा की गिऱ्हाइकांचे दर काळे करून दिले तरी चालेल. तारीख, माल, नग आणि शहर दिसलं म्हणजे झालं.

आणि इथे खरोखर मागणी आहे हो. चांगल्या कांदा-लसूण मसाल्यासाठी लोक मला रोज विचारतात. बॅगेतून किती दिवस आणणार?

हळदीचा_बाजार, सांगली

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. कालपासून कपाटं उपसतेय. पाऊच छापणाऱ्याकडे २०१८ आणि २०२१ ची दोन्ही डिझाइनं, बिलांसकट मिळाली. कॅटलॉगमध्ये कोड आणि फोटो समोरासमोर आहेत, आणि नाव दोन्ही पाऊचवर रोमनमध्येच मोठं आहे. लेस्टरच्या धाकट्या मुलाने कागद शोधून देतो म्हटलंय. लंडनचा एजंट ठरला, उत्तर याच आठवड्यात जाईल.

आता आबांचे दोन प्रश्न. एक, घाईने पाच-सहा पॅलेट लेस्टरला रवाना करावेत का, म्हणजे वापर दिसेल? दोन, जुनं जाऊ दे, तेच नाव सगळ्या मालासकट नव्याने टाकलं तर पुन्हा पाच वर्षं मिळतात ना?

आणि माझा एक. अमेरिकेच्या एजंटाने जूनच्या आत सही करून पाठवा म्हणून एक घोषणापत्र पाठवलंय. त्यात लिहिलंय की चिन्ह सगळ्या नोंदलेल्या मालासाठी अमेरिकेत वापरात आहे. अमेरिकेची नोंदणी जून २०२० ची आहे. ‘नेहमीचाच कागद आहे’ असं ते म्हणतात. मला सही करवत नाही.

पुणे-३०

सही करू नका. तुमच्या मनाने बरोबर कौल दिलाय.

माद्रिदमार्गे अमेरिकेत गेलेल्या नोंदणीला तिथल्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ७१ चं घोषणापत्र लागतं, पाचव्या आणि सहाव्या वर्षाच्या दरम्यान, आणि वर जादा फी भरून सहा महिने. म्हणजे तुमची शेवटची तारीख डिसेंबर २०२६ मध्ये येते. ते शपथेवरचं निवेदन असतं. जो माल अमेरिकेत विकला जात नाही तो यादीतून काढूनच सही करायची. २०१७ पासून तिथलं कार्यालय अशा घोषणापत्रांची निवडून तपासणी करतं आणि एकेका मालाचा पुरावा मागतं. खोटं ठरलं तर विकत असलेल्या मालाची नोंदणीही धोक्यात येते. शिवाय २०२१ च्या डिसेंबरपासून एक नवा रस्ता खुला झालाय: ज्या मालासाठी चिन्ह कधीच वापरलं नाही तो नोंदणीतून काढा असा अर्ज कोणीही करू शकतो, नोंदणीच्या तिसऱ्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत. तुमचा चहा आणि नूडल्स नेमके त्यात बसतात.

मसाल्यांचंही तिथे सोपं नाही. सलग तीन वर्षं वापर नसला की चिन्ह सोडून दिलं असं अमेरिकेत गृहीत धरतात, आणि परत वापरायचा इरादा होता हे मालकाला दाखवावं लागतं. आपल्या आयटीसीचं उदाहरण प्रत्येक निर्यातदाराने वाचावं असं आहे. दिल्लीचं त्यांचं ‘बुखारा’ रेस्टॉरंट सत्तरच्या दशकापासूनचं. ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्क आणि शिकागोतही बुखारा सुरू झालं आणि १९८७ मध्ये अमेरिकेत नोंदणी मिळाली. न्यूयॉर्कचं १९९१ मध्ये आणि शिकागोचं १९९७ मध्ये बंद झालं. १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्याच लोकांनी ‘बुखारा ग्रिल’ काढलं. आयटीसी कोर्टात गेली तेव्हा भारत सरकारच्या नियमांची अडचण होती, बाजार मंद होता, पुढे त्याच नावाने तयार खाद्यपदार्थ आणायचं चाललं होतं, असं सगळं मांडलं गेलं. २००७ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की त्या तीन वर्षांच्या आत परत सुरू करण्याची ठोस योजना दिसत नाही, चिन्ह सोडलेलं आहे. दिल्लीत ते हॉटेल तेव्हाही गर्दीने भरलेलं होतं. त्याचा तिकडे काही उपयोग झाला नाही.

म्हणून तुमच्यासाठी असं: एडिसनच्या त्या दुकानाशी किंवा दुसऱ्या कोणाशी खरा सौदा होत असेल तर तो लवकर करा, माल पोचून विक्री सुरू होऊ द्या, पाऊचचे फोटो घ्या, मग डिसेंबरच्या आत फक्त त्या मसाल्यांपुरतं घोषणापत्र द्या. मधल्या खंडामुळे जुनी नोंदणी कोणी आव्हान दिल्यास डळमळू शकते, म्हणून तेवढ्याच मालासाठी नवा अर्जही सोबत टाका. सौदा होत नसेल तर अमेरिका सोडा. मन कठोर करून सांगतोय, पण आबांचं नाव खोट्या शपथेवर उभं राहू नये.

आता आबांचे प्रश्न. घाईच्या पॅलेटनी या प्रकरणात काहीच फरक पडणार नाही. रद्द करण्याचा अर्ज येऊन गेल्यावर सुरू केलेला वापर मोजत नाहीत. अर्ज येणार हे कळल्यावर त्याच्या आधीच्या तीन महिन्यांत सुरू केलेलासुद्धा सहसा मोजत नाहीत. पण वर लेस्टरचे भाऊ म्हणतात तशी मागणी असेल तर पुढच्यासाठी जरूर पाठवा. आज तुम्ही जिंकलात तरी जानेवारी २०२७ नंतर कोणीही नव्याने पाच वर्षं मोजून येऊ शकतो. त्याच्या आत ब्रिटनमध्ये नियमित विक्री सुरू झालेली असली पाहिजे, आणि या वेळी प्रत्येक इनव्हॉइसवर ब्रँडचं नाव.

तेच नाव सगळ्या मालासकट पुन्हा टाकायचा विचार आबांनी सोडावा. खेळणी बनवणाऱ्या हॅस्ब्रोने ‘मोनोपॉली’ या खेळाच्या नावाचं तेच केलं होतं. वापराचा पुरावा द्यावा लागू नये हाही त्यातला एक फायदा होता असं त्यांच्याच बाजूने कबूल झालं, आणि २०२१ मध्ये युरोपच्या जनरल कोर्टाने पुन्हा टाकलेला तेवढा भाग दुर्हेतूचा ठरवला. नवा अर्ज करणं गुन्हा नाही. पाच मसाले आणि तीन लोणची खरोखर विकणार असाल तर तेवढ्यांसाठी बेलाशक करा.

युरोपियन युनियनमध्ये तुम्ही विकलंच नाही, तिथे वाचवण्यासारखं काही नाही. जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये आयातदार मिळाला की मग बघू. दुबई आणि मेलबर्नसाठी मात्र आजपासून दर वर्षाची एक फाइल करा: ब्रँड छापलेली काही बिलं, त्या वर्षाचा पाऊच, दुकानातल्या फळीचा तारखेसह फोटो, वर्षाची एकूण विक्री. आयातदाराशी एक पानी करारही करा, की तो हे नाव तुमच्या परवानगीने आणि तुमच्या दर्जानुसार वापरतो आणि त्याची मालकी तुमचीच आहे. आयातदाराने केलेला वापर तुमच्या खात्यात जमा करायला हा कागद कामी येतो, आणि उद्या त्यानेच ते नाव स्वतःच्या नावावर टाकायचं ठरवलं तर तेव्हाही हाच उपयोगी पडतो.

काजूबोंडू, कुडाळ

धागा बरोबर वेळेवर दिसला. आमचा काजूचा ब्रँड आहे. नोंदणी फक्त युरोपियन युनियनची, २०१६ ची. विक्री सगळी जर्मनीत, हॅम्बुर्गच्या एका आयातदारामार्फत, दर हंगामात. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनची एक नोंदणी आपोआप मिळाली होती, फी न भरता. तिथे आम्ही काहीच विकत नाही. ती टिकेल का? आणि एकट्या जर्मनीच्या विक्रीवर सगळा युरोप टिकतो का?

पुणे-३०

जर्मनीचं आधी. २०१२ च्या लेनो मर्केन निकालात न्यायालयाने सांगितलं की देशांच्या सीमा बघू नका, त्या मालाच्या बाजाराच्या मानाने खरा वापर आहे का ते बघा. हॅम्बुर्गहून माल जर्मनीभर जात असेल आणि दर हंगामाची बिलं असतील तर तुमची बाजू चांगली आहे. तिथून ऑस्ट्रियात किंवा नेदरलँड्समध्ये काही जात असेल तर तीही बिलं आयातदाराकडून मागून ठेवा.

ब्रिटनची ती जुळी नोंदणी मात्र आता उघडी पडली आहे. ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचा युरोपातला वापर तिच्यासाठी मोजला जायचा. त्यानंतरची पाच वर्षं डिसेंबर २०२५ ला भरली, म्हणजे यंदाच्या जानेवारीपासून कोणीही फक्त ब्रिटनमधल्या वापराचा हिशोब मागू शकतो आणि तुमच्याकडे तो शून्य आहे. कोणी अर्ज करेपर्यंत ती नोंदवहीत राहील, आणि अर्ज येण्याआधी खरी विक्री सुरू झाली तर वाचेलही. वरच्या लेस्टरच्या भाऊंना व्यक्तिगत निरोप टाका, ते काजू ठेवतात का विचारा. आणि ब्रिटनच्या नोंदणीचं नूतनीकरण युरोपच्या नोंदणीबरोबर होत नाही, ते वेगळं करावं लागतं. तुमची २०१६ ची म्हणजे तारीख याच वर्षी येते, ती आजच बघून घ्या.